एक किलो सातशे चाळीस

कुपवाडच्या फौंड्रीत मी काट्यावर होतो.
साच्यातून निघालेलं प्रत्येक कास्टिंग
माझ्या हातून जायचं.
कमी भरलं की खडूनं फुली,
आणि परत भट्टीत.
अकरा वर्षं. चूक एकदाच झाली, तीही काट्याची.

होळी झाली आणि भट्टी पेटली नाही.
गेटवर कागद चिकटवलेला,
त्यावर नावं नव्हती, नुसते टोकन नंबर.
माझा एकशे सत्तावीस.

उजूला पाचवा लागला होता.
सांगायचं राहिलं.
म्हणजे, सांगितलं नाही.
सकाळी सातला तसाच निघायचो,
सायकल मिरजेकडं हाणायचो,
कृष्णाघाटावर सावली सरकेल तसा सरकत बसायचो.
पाणी आत गेलेलं, म्हशी,
आणि माझ्यासारखेच दोघं-तिघं,
डबे घेऊन आलेले,
एकमेकांकडं न बघणारे.

दहा तारखेला फंडातले पैसे काढून
पगार म्हणून तिच्या हातावर ठेवायचो,
दर खेपेला थोडे कमी.
ओव्हरटाइम बंद झालाय म्हणायचो.
ती मोजायची नाही.

डब्यात दोन भाकरी, झुणका,
एक उकडलेलं अंडं,
कधी शेंगदाण्याचा लाडू.
कुठल्यातरी दुसऱ्याच कारखान्याचा भोंगा व्हायचा,
त्या वेळेवर मी जेवायचो.
सगळं संपवायचो. डबा चाटूनपुसून.

तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
शर्टाला जळक्या वाळूचा वास नव्हता,
धुण्याच्या पाण्याला काळं उतरत नव्हतं.
नसीम आशाताई तिच्यासाठी ठेवून जायची
ती अंडी, ते लाडू
ती माझ्या डब्यात भरत राहिली.
हे मला फार नंतर, दवाखान्यात,
भिंतीकडं तोंड करून सांगितलं तिनं.
"बसून राहणाऱ्याला लई भूक लागती," म्हणाली,
"माझे वडील बघितल्यात मी."

रक्त सात पॉइंट आठ.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात लोह कमी आहे.
अकरा वर्षं मी नखांतून, कानांतून, उशीच्या अभ्र्यावर
घरी लोखंडच आणत होतो.
गोळ्या दिल्या. पाकिटं तशीच राहिली.
मळमळतं, म्हणायची.
रिकाम्या पोटी घेऊ नका,
असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

पोरगी पाच आठवडे आधी आली.
काट्यावर लाल आकडे थरथरले आणि थांबले.
माझा हात आपोआप खिशात गेला.
खिशात खडू नव्हता.

केसपेपरवर एक रकाना: वडिलांचा व्यवसाय.
खिडकीतला माणूस दोनदा म्हणाला, काय लिहू?
मागं रांग होती.
त्यानं एक आडवी रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी सोळाशे साठ.
आधी उतरतंच, ऐवळे सिस्टर म्हणाल्या.
उजूला ताप, अंग तापल्या तव्यासारखं.
"तुम्हाला कामाला जायचं नाही न्हवं?
मग शर्ट काढा."
छातीवर ठेवली, वरून गुंडाळलं,
पाय बेडकासारखे, डोकं एका बाजूला.
आमची भट्टी चौदाशे डिग्रीची.
इथं साडेछत्तीस.
"एवढंच लागतं," सिस्टर म्हणाल्या, "पण तुटू द्यायचं नाही."
मी रात्रभर शिंकसुद्धा दाबली.

सहाव्या रात्री तातोबाचा फोन.
माधवनगरला वॉचमन पाहिजे, रातपाळी, उद्यापासून.
कामावर आहे सध्या, असं म्हणावंसं वाटलं.
म्हणालो नाही.
विचारलं, पगार किती.
हळू बोललो, तरी ती हलली.

आता दिवसाची पाळी दवाखान्यात, रातची माधवनगरला.
झोप मधल्या सायकलवर.
दहाव्या दिवशी सतराशे पंचावन्न.
डबा नसीमताई आणते, दोघांचा एकच.
कुणीच फार बोलत नाही.
उजू अंडं सोलते,
अर्धं करायला जाते,
मी बघत राहतो
ती सगळं खाईपर्यंत.